जिल्ह्यातच हाय

सहादेव कोतवालाला कुणी विचारलं, "नाना, पोरगा कुठं असतो?" तर तो गावाचं नाव सांगत नसे. "जिल्ह्यातच हाय," एवढंच म्हणे. म्हणण्याची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगा मागं परसात सरपण फोडतोय आणि हाक मारली तर ओ देईल.

आता जिल्हा म्हणजे काही परस नव्हे. त्यातून हा जिल्हा. राज्यात याच्याएवढा पसरलेला दुसरा नाही. सहादेवाचं बोरदरा खर्ड्याच्या पलीकडे, जिथं जिल्ह्याची जमीन आणि सरकारची उमेद दोन्ही संपतात. आणि त्याचा रविराज वर राहात्याला, पेरूच्या बागांत. पहाटेच्या गाडीला बसलं तर दिवस कलता पोचायचं. पण मधे जिल्ह्याची हद्द नाही, म्हणजे पोरगा घरातच आहे, असा सहादेवाचा हिशेब होता. बायको गेल्यापासूनची वर्षं त्यानं या एका हिशेबावर काढली होती.

हद्दीचं त्याला भारी वेड. त्याला कारणही होतं. मुंबईत बसून एवढं राज्य चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून राज्याचे विभाग पाडले, विभागाचे जिल्हे केले, जिल्ह्याचे तालुके, तालुक्याची मंडळं, मंडळाचे सजे, आणि सजात चार-दोन गावं. अशी ही उतरंड. वरच्या मडक्यात काय शिजतं ते खालच्याला कधी कळत नाही, पण भार मात्र सगळा खालच्यावर. या उतरंडीच्या अगदी तळाला कोतवाल. तलाठ्याचे कागद पोचवायचे, साहेब आला तर खुर्ची पुसायची, शिवेच्या दगडांना वर्षाकाठी चुना लावायचा आणि सरकारचा निरोप गावाला ओरडून सांगायचा. आता सरकार कोतवालाला महसूल सेवक म्हणतं. जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं, गाड्यांच्या पाट्या बदलल्या. बोरदऱ्याची माणसं मात्र अजून 'नगरला जातो'च म्हणतात आणि सहादेव निवृत्त झाला तरी त्याला कोतवालच म्हणतात.

दवंडी हा त्याचा खरा मान. गावातला हलगीवाला पोटापाठी पुण्याला गेला, तेव्हापासून सहादेव तेलाचा रिकामा डबा वाजवून दवंडी द्यायचा. आवाज असा खणखणीत, की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची माणसंसुद्धा भाकरी थापता थापता थांबायची, आणि मग लक्षात यायचं की ही दवंडी आपली नव्हे. कारण ओढ्यापलीकडे बीड जिल्हा. जरा खालच्या अंगाला धाराशिव. तिघांच्या मधोमध ओढ्याच्या काठी एक दगड, निम्म्याला सरकारी चुना, निम्म्याला गावाचा शेंदूर.

या दगडापाशी रोज संध्याकाळी छबूबाई यायची. पलीकडच्या वस्तीवरची विधवा. तिची पोरंसुना दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्यांवर जायची ती पाडव्याला परतायची. छबूबाई सहादेवाच्या बायकोची, मनकर्णाची, मैत्रीण. दोघींनी ओढ्याच्या दोन काठांवर बसून आयुष्यभर धुणं धुतलं. मनकर्णा गेली त्या वर्षापासून छबूबाई फडक्यात दोन भाकरी आणि काहीतरी कालवण घेऊन येते, दगडावर ठेवते, आणि सहादेव जेवेपर्यंत पलीकडे बसून राहते. तो आपल्या जिल्ह्यात, ती आपल्या. मधे दगड.

रविराज गेला तोही कोयता घेऊनच. राहात्याकडच्या उसाच्या फडात एक हंगाम केला, तिथल्या एका बागायतदाराच्या नजरेत भरला आणि पेरूच्या बागेवर राहिला. बायकोला नेलं. मुलगी संस्कृती तिकडेच झाली. पुढं मनकर्णाचं दहावं झालं त्या दिवशी तो बापाला म्हणाला होता, "आबा, पुण्याकडं बघावं म्हणतो. कंपनीत पगार बरा हाय." सहादेवानं पुढ्यातलं ताट सारलं. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "आई तर गेलीच. तू जिल्ह्यात तरी ऱ्हा." रविराजनं बापाच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "जिल्ह्यातच ऱ्हातो." तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा. मागं कधी कधी भोंगा वाजायचा. तो साखर कारखान्याचा भोंगा, हे सहादेवानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यानंही जवानीत ऊस तोडला होता. उन्हाळ्यात कारखाने बंद असतात आणि भोंगा तेव्हाही वाजतो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं.

तर असं सगळं चाललेलं असताना पौषात, ज्वारी हुरड्याला आलेली असताना, जिल्हा फोडायची बोली पुन्हा निघाली.

ही बोली नवी नाही. जत्रेतल्या पाळण्यासारखी ती ठरावीक दिवसांनी वर येते आणि खाली जाते. उत्तरेचा जिल्हा वेगळा, दक्षिणेचा वेगळा. उत्तरेला पाणी, कालवे, साखर; दक्षिणेला दगड आणि वाट बघणं. उत्तरेच्या जिल्ह्याचं मुख्य गाव कोणतं यावर तिकडं तीन गावांची तीन तोंडं, म्हणून गाडं दरवेळी अडतं. पण या वेळी बोरदऱ्याचे सरपंच बजरंग मुकादम पेटले होते. त्यांच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर लागलेल्या, स्वतः दोन दिवसांसाठी गावी आलेले. ते सहादेवाच्या ओट्यावर येऊन बसले.

"नाना, ग्रामसभा घ्यायची. जिल्हा फोडा म्हनून ठराव करायचा. आपली सगळ्यात आधी सही पायजे."

"फोडून काय हुईल?"

"काय हुईल म्हंजे? जिल्हा ल्हान झाला की साहेबाची नजर हितवर पोचंल. आज आपुन शेपटाला हावोत."

"नगर जवळ येईल का?"

"नगर कशाला जवळ येतंय? नगर हाय तिथंच ऱ्हाईल. राहाता, राहुरी, ती समदी वरची मंडळी जातील तिकडं."

सहादेवानं मनातल्या मनात हद्द आखून पाहिली. राहाता तिकडं. म्हणजे रविराज परजिल्ह्यात. आपण त्याला शब्दात बांधलं, त्यानं तो पाळला, आणि आता तो जागचा हललासुद्धा नसताना सरकार त्याला बापापासून तोडणार. असा उफराटा न्याय त्यानं ऐकला नव्हता.

"ज्योतीला सांग की," तो म्हणाला. ज्योती म्हणजे गावची नवी कोतवाल. बीए झालेली, दवंडी मोबाईलच्या ग्रुपवर टाकणारी.

"ती बाळंतपनाला म्हायेरी गेलीय. आनि ग्रुपवर टाकलं तर मागल्या वेळी वरच्या आळीच्या गोरक्षनाथानं तक्रार केल्ती, मला कळलंच न्हाई म्हनून. दवंडी पायजे. तुमीच द्या. तुमच्याबिगर हाय कोन?"

हे शेवटचं वाक्य सहादेवाला वर्षा-दोन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तो हो म्हणून बसला.

पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाला तेव्हा त्याचा पाय वरच्या आळीकडे वळेना. वरच्या आळीत म्हातारीकोतारी माणसं होती, चार दुकानं होती, पारावर बसणारे होते. तो खालच्या वस्तीत गेला. तिथली सगळी घरं ऊसतोडीला गेलेली. दाराला कुलूप, ओट्यावर शेळ्या चढू नयेत म्हणून बाभळीची फांदी आडवी. भर दुपार. एक कुत्रं तेवढं होतं. सहादेवानं डब्यावर बोटांनी टकटक केली, देवासमोर घंटी हलवावी तशी, आणि पुटपुटला, "ऐका हो ऐका. उद्या सकाळी देवळात ग्रामसभा हाय हो." कुत्र्यानं कान हलवले. आयुष्यभर सरकारी निरोपात त्यानं एका शब्दाची काटछाट केली नव्हती. ही पहिली लबाडी. घरी येईपर्यंत त्याचे कान तापले होते, आणि तरीही त्याला बरं वाटत होतं.

संध्याकाळी छबूबाई म्हणाली, "भाऊ, आज दवंडी हुती म्हनं. मला तर ऐकू आली न्हाई."

"घसा बसलाय," सहादेव म्हणाला आणि भाकरीकडे बघत राहिला.

सभेला मोजकी माणसं आली. कोरम भरला नाही. सहादेव मनात हसला. पण सरकारी उतरंडीत इतकी वर्षं काढूनही एक गोष्ट तो विसरला होता. बजरंग मुकादम शांतपणे उठले आणि म्हणाले, "सभा तहकूब. पुढल्या शनवारी पुन्हा घिऊ. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. नाना, शुक्रवारी आनिक एकदा डबा वाजवा."

म्हणजे लबाडीनं पदरात काय पडलं? एक आठवडा.

त्या आठवड्यात सहादेवानं ठरवलं की पोराला भेटून यायचं. जिल्हा आहे तोवर. नंतर काय, नंतर पाहुण्यासारखं जावं लागेल. रविराजला कळवलं नाही. तो बागेतून काम सोडून स्टँडवर येईल, कशाला त्याचा खाडा. छबूबाईनं नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू केले आणि एका हिरव्या फडक्यात बांधून दिले. गाठ अशी आवळली, की तिचीच नखं लागावीत सोडायला.

"भाऊ, जाऊन या. दोन दिस ऱ्हावा. भाकरीची गडबड नगं."

जामखेडवरून नगरला जाणारी गाडी आष्टी-कड्यावरून जाते. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर मधे बीड जिल्हा तुडवावा लागतो. सहादेवानं तेवढा वेळ डोळे मिटून घेतले, परक्याच्या अंगणातून जाताना बायका पदर सावरतात तसे. पुन्हा आपली हद्द लागली तेव्हा उघडले. नगरला गाडी बदलली. मग राहुरी आली, कृषी विद्यापीठाची हिरवीगार शेतं आली, कोल्हारचा पूल आला. ऊस, ऊस, ऊस. पाण्यानं टच्च भरलेले पाट. सहादेव खिडकीतून बघत होता आणि शेजारच्या बाईला सांगत होता, "ह्यो आपलाच जिल्हा." ती बाई कोल्हारचीच होती. तिला यात काय सांगण्यासारखं आहे ते कळलं नाही.

राहात्याला उतरून विचारत विचारत तो बागेवर पोचला. दोन वर्षांपूर्वी एकदाच आला होता तरी खोली ओळखीची होती. दारात पेरूच्या जाळ्या रचलेल्या, आणि एक बाई पाटीत पेरू निवडत बसलेली. जया तिचं नाव. सहादेवानं रविराज कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा त्याला वाटलं, ही आता आत हाक मारेल.

"रविराजभाऊ व्हय? त्यांची खोली आता आमाला दिलीय. ती मंडळी पुण्याकडं चाकनला गेली की. कंपनीत. दीड वर्स झालं आसंल. तुमी कोन?"

सहादेवाच्या हातात हिरवं गाठोडं होतं. ते त्यानं या हातातून त्या हातात घेतलं.

"मी त्येचा बाप."

जयाचा हात पेरूवर थांबला. "तुमाला सांगितलं न्हाई का त्येंनी?"

"सांगितलं हुतं की," सहादेव पटकन म्हणाला. "बोलला हुता. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई. वय झालं." पोराला खोटं ठरवून त्या बाईपुढे उघडं पाडायचं त्याच्या जिवावर आलं. जयानं पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. तो थांबला नाही. दोन पेरू मात्र तिनं बळेच हातात दिले.

स्टँडवर बाकड्यावर बसून त्यानं फोन लावला. नेहमीचा रविवार नव्हता, म्हणून रविराज घाबरला.

"काय आबा? बरं हाय ना?"

"बरं हाय. तू कुठं हायस?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग रविराज म्हणाला, "हितंच की. राहात्याला. बागंत." आणि पाठोपाठ घाईनं म्हणाला, "आबा, जिल्हा फोडायचं चाललंय म्हनं. मोबाईलवर वाचलं. तुमी जिवाला लावून घिऊ नगा. कितीबी फोडू द्या, मी हितंच हाय. जवळच हाय."

सहादेवासमोर राहात्याची पाटी होती. तिच्याखाली दोन माणसं कांद्याच्या भावावरून भांडत होती. त्याला रागावायचं होतं. तोंडात शिवी आलीही होती. पण त्याला एकदम दिसलं, की दीड वर्ष दर रविवारी हे पोरगं कंपनीतून थकून येऊन, बापाला काही टोचू नये म्हणून, एकच वाक्य म्हणत होतं. आणि हे वाक्य पोराच्या गळ्यात आपणच अडकवलेलं होतं. शिवी गिळली.

"तुमी कुठं हाव आबा? लई गलबला येतोय."

"घरीच की," सहादेव म्हणाला. "पारावर मानसं बसल्यात."

तो मिळेल त्या गाडीनं परत निघाला, रात्र नगरच्या स्टँडवर काढली. सकाळी आष्टी लागली तेव्हा त्यानं डोळे मिटले नाहीत. बीड जिल्ह्यातही तीच ज्वारी होती, तीच बाभळ, तशाच कुलपं लावलेल्या वस्त्या. हद्द कुठं लागली आणि कुठं संपली, ते या वेळी त्यानं बघितलंच नाही. इतकं एकटं त्याला मनकर्णा गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान पोरगा जिल्ह्यात होता.

त्याच संध्याकाळी छबूबाई दगडापाशी आली. सहादेवानं हिरवं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. गाठ तिनं मारली होती तशीच होती. वर दोन पेरू.

ती गाठोड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सुखी हायेत ना समदी?"

"सुखी हायेत. चाकनला हायेत."

"मग तुमी बोलला न्हाई का त्येला?"

"न्हाई. त्यो म्हनतो जवळच हाय. म्हनू दे."

छबूबाईनं दातांनी गाठ सोडली. एक लाडू त्याला दिला, एक स्वतः घेतला. दोघं दगडाच्या दोन बाजूंना बसून खात राहिली.

शुक्रवारी सहादेवानं दवंडी दिली. आधी वरच्या आळीत, मग पाराशी, मग खालच्या वस्तीत. डबा असा बडवला की त्याला पोचा आला. कुलूप लागलेल्या एकेका दारापुढं उभा राहून तो ओरडला, "ऐका हो ऐका! उद्या देवळात तहकूब ग्रामसभा हाय हो! जिल्हा फोडायचा ठराव हाय हो!" एकाही दारातून कुणी बाहेर आलं नाही. ओढ्यापलीकडे मात्र छबूबाई अंगणात येऊन उभी राहिली, ही आपली दवंडी नव्हे हे ठाऊक असूनही.

शनिवारी देवळात बजरंग मुकादमांनी विचारलं, "कुनाकुनाचा पाठिंबा?" पहिला हात सहादेवाचा वर गेला. मुकादमांना हसू आलं. "काय नाना, पोराला परजिल्ह्यात धाडता व्हय?"

माणसं हसली. सहादेवही हसला. "त्येला काय हुतंय," म्हणाला. "पोरगं श्यानं हाय माजं." हात वरच ठेवला.

ठराव गेला. वरच्या मडक्यात त्याचं काय झालं ते कुणाला कळलं नाही. तीन गावांची तीन तोंडं पुन्हा एकदा भांडली, आणि पाळणा खाली आला. जिल्हा होता तेवढाच राहिला.

त्यानंतरच्या रविवारी रविराजचा फोन आला. आवाजात सुटका होती. "बघा आबा, फुटला न्हाई जिल्हा. तुमी उगीच घोर लावून घेतला. मी हितंच हाय, जिल्ह्यातच."

तेवढ्यात मागं भोंगा वाजायला लागला. लांबलचक, दम न घेता. पलीकडे रविराज एकदम गप्प झाला. आणि ओट्यावर एकटा बसलेला सहादेव, समोर कुत्रं नाही की माणूस नाही, दवंडी द्यायच्या खणखणीत आवाजात फोनमध्ये बोलायला लागला: ज्वारी कशी झाली, ओढ्याला पाणी किती, छबूबाईनं लाडू कसे केले. भोंगा पुरता थांबेपर्यंत तो बोलतच राहिला, पोराला वाटू नये की बापानं तो ऐकला म्हणून.